पुसायचे कोणाचे आणि ठेवायचे कोणाचे: एका मोबाईल खेळाच्या चॅट-सेवेचे परीक्षण

गेली तीन वर्षे मी एक मोबाईल खेळ नियमितपणे खेळत आहे. चार-चार जणांच्या तुकड्या करून खेळायचा हा लढाईचा खेळ आहे, आणि खेळाडूंना एकमेकांशी बोलता यावे म्हणून कंपनीने खेळाच्या आतच चॅटची सोय केलेली आहे. त्यात प्रत्येक क्लॅनची (नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाची) स्वतंत्र रूम असते, शहरांच्या रूम असतात, मदतीची रूम असते आणि सर्वांसाठी खुली असलेली एक मोठी रूम असते. हे परीक्षण खेळाचे नाही; या रूमवर देखरेख ठेवण्याचे जे काम कंपनी करते त्या सेवेचे आहे, आणि त्यातही मुख्यतः एकाच नियमाचे आहे. ‘कोणाचीही खासगी माहिती त्याच्या संमतीशिवाय येथे टाकू नये’ असा तो नियम आहे. खेळाचे आणि कंपनीचे नाव मी येथे देत नाही. या प्रकरणी केंद्र सरकारच्या समितीकडे केलेले आमचे अपील अद्याप निकाली निघालेले नाही, आणि नाव दिले तर ज्या मजकुराविषयी माझी तक्रार आहे तोच शोधायला लोक त्या रूममध्ये जातील, कारण तो मजकूर अजून पुरता गेलेला नाही.

जे चांगले आहे ते आधी सांगतो. खेळ उत्तम आहे. नवख्याची गाठ नवख्याशीच पडते, बोलताना आवाज तुटत नाही, आणि स्वस्तातल्या फोनवरही तो अडखळत नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहतो. रात्री जेवण उरकले की मी, नववीत शिकणारा माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र असे चौघे तासभर खेळतो. मामा-भाच्याने रोज तासभर एकमेकांशी बोलावे असा दुसरा विषय आम्हाला सापडला नव्हता, तो या खेळाने दिला. त्यामुळे ही सेवा बंद पडावी असे मला मुळीच वाटत नाही. ती नीट चालावी असे मनापासून वाटते.

ती नीट चालू शकते हेही मी पाहिलेले आहे. यंदा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, भाच्याच्या एका मित्राने होम मैदानावरच्या गड्ड्याला (या यात्रेच्या जत्रेला) येऊ इच्छिणाऱ्या क्लॅनमधल्या मुलांसाठी आपल्या घराचे लोकेशन मोठ्या रूममध्ये टाकले. दहा मिनिटांच्या आत मॉडरेटरने, म्हणजे रूमवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाने, ते उडवले, मुलाला खासगीत संदेश पाठवला आणि सांगितले की मित्रांना हे एकेकट्याला पाठव, या रूममध्ये अनोळखी माणसेही वाचत असतात. मुलाला शिक्षा झाली नाही, त्याचा अपमान झाला नाही, आणि त्याला कारणही कळले. या नियमाची अंमलबजावणी कशी असावी याचा नमुना म्हणून ही एक घटना पुरेशी आहे. म्हणूनच पुढे जे घडले ते मला अधिक लागले.

भाऊबीजेला मी ताईकडे जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री स्पर्धेत मिळालेल्या खेळातल्या नाण्यांच्या वाटणीवरून भाच्याचे परगावच्या एका खेळाडूशी बिनसले. त्या खेळाडूने सोलापूरच्या रूममध्ये रोमन लिपीतल्या मराठीत सहा ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत भाच्याचे पूर्ण नाव होते, दुसरीत त्याच्या वडिलांच्या चादरींच्या दुकानाचे नाव, तिसरीत दुकान कोणत्या देवळासमोर आहे आणि त्यामागच्या कोणत्या जिन्याने वर गेले की घर लागते ते, चौथीत दुकानाचा फोन नंबर अंकांऐवजी शब्दांत, पाचवीत तो क्लास सुटल्यावर किती वाजता कोणत्या चौकातून सायकलने घरी येतो ते, आणि सहाव्या ओळीत ‘ज्याला भेटायचं त्यानं भेटून घ्या’ असे आवाहन. यातली बरीचशी माहिती भाच्यानेच वर्षभराच्या मैत्रीत त्याला विश्वासाने सांगितलेली होती. एखाद्याची खासगी माहिती, जसे खरे नाव, पत्ता किंवा फोन, त्याच्या संमतीशिवाय चव्हाट्यावर मांडणे याला इंटरनेटवर डॉक्सिंग म्हणतात, आणि कंपनीच्या नियमावलीत हा शब्द ठळक अक्षरांत आहे.

ती पेठ कोणती हे मी अर्थातच लिहिणार नाही, परंतु सोलापूरच्या पेठांत पत्ता कसा सांगतात हे लिहिणे आवश्यक आहे, कारण सेवेची पहिली चूक तिथेच आहे. आपल्याकडे घर क्रमांक आणि पिनकोड पोस्टमनसाठी असतात. माणसे पत्ता सांगतात तो असा: मारुतीच्या देवळासमोरचा बोळ, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, तिच्या वरचा दुसरा जिना. एवढे सांगितले की रिक्षावाला दारात आणून सोडतो. दुकानाचे नाव कळले की घर कळले, कारण कोपऱ्यावर कोणालाही विचारले तर तो हातातले काम सोडून तुम्हाला तिथवर पोचवायला येतो. हा आपल्या शहराचा चांगुलपणा आहे, आणि वाईट हेतूने विचारणाऱ्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो.

आता तक्रारींचा इतिहास. भाच्याने त्याच रात्री फोनवरून त्या संदेशाची तक्रार नोंदवली. फोनवरच्या यादीत अपशब्द, फसवणूक, जाहिरात आणि इतर असे चारच पर्याय आहेत. खासगी माहितीचा पर्यायच नाही. त्याने ‘इतर’ निवडले. मिनिटभरात उत्तर आले की तपासणीत नियमाचे उल्लंघन आढळलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकावरून त्याच संदेशाची तक्रार केली. संगणकावरच्या यादीत खासगी माहितीचा पर्याय आहे, तो निवडला, आणि दुपारी बाराच्या आत संदेश निघाला. मी समाधानाने जेवायला बसलो. दोन वाजता तेच सहा वाक्यांचे लिखाण, एका शब्दाचाही फरक न करता, दुसऱ्या आयडीवरून त्याच रूममध्ये आले. मी पुन्हा संगणकावरून, पुन्हा तोच पर्याय निवडून तक्रार केली. या वेळी उत्तर आले की उल्लंघन आढळलेले नाही. एकच मजकूर, एकच रूम, तीन तक्रारी आणि दोन परस्परविरोधी निकाल! पहिली तक्रार यंत्राने पाहिली असेल, दुसरी माणसाने आणि तिसरी पुन्हा यंत्राने, अशी मी तेव्हा समजूत करून घेतली. परंतु ज्या मुलाचा जिना त्या ओळीत लिहिलेला आहे, त्याने कोणाच्या पाळीत तक्रार करावी?

मग मी मदतीच्या रूममध्ये गेलो. तिथे मॉडरेटर असतात असे नियमावलीत लिहिलेले आहे. मी दुकानाचे नाव आणि फोनचे शब्द काळ्या पट्टीने झाकले आणि दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवून विचारले की हा काढला आणि हा ठेवला, यात फरक काय. भाच्याचे पहिले नाव झाकायचे माझ्याकडून राहिले, ही माझी चूक मी मान्य करतो. पाच मिनिटांत माझा संदेश उडाला आणि माझी आयडी सात दिवसांसाठी बॅन झाली. कारण दिले होते: इतरांची खासगी माहिती प्रसिद्ध करणे. ज्या संदेशाचा तो स्क्रीनशॉट होता, तो संदेश मात्र त्या वेळीही शहराच्या रूममध्ये जसाच्या तसा होता.

माझ्या बॅनविषयी मला फारसे वाईट वाटलेले नाही. नियम कडक असेल तर तो मलाही लागू व्हावा. परंतु पुरावा दाखवणारा आणि माहिती फोडणारा यांच्यातला फरक ज्या सेवेला ओळखता येत नाही, ती सेवा तक्रार करणाऱ्यालाच गप्प बसायला शिकवते. भाच्याचे दोन मित्र त्याच दिवशी म्हणाले की आता आम्ही रिपोर्ट करणार नाही, आमचीही आयडी जाईल.

सोमवारी संध्याकाळी कारखान्यातून सुटून मी दाजींच्या दुकानात गेलो. दिवाळीनंतरची गर्दी ओसरलेली होती आणि घड्या घातलेल्या चादरींचा ढीग गादीवर होता. तेवढ्यात पार्सल पोचवणारा मुलगा आला आणि त्याने एक खोका त्या ढिगावर ठेवला. कॅश ऑन डिलिव्हरी, १,४९९ रुपये. दिवसभरातले ते चौथे पार्सल होते, आणि चारपैकी एकही घरातल्या कोणी मागवलेले नव्हते. खोक्यावरची चिठ्ठी मी वाचली. भाच्याचे पूर्ण नाव, दुकान, देऊळ, जिना, सगळे त्याच क्रमाने होते. मूळ संदेश लिहिणाऱ्याने ‘देऊळ’ या शब्दाचे रोमन स्पेलिंग चुकवले होते, आणि चिठ्ठीवरही ते तसेच चुकलेले होते. माहिती कुठून उचलली गेली याचा याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही.

दाजी फार बोलणारे नाहीत. त्यांनी पार्सल परत पाठवले आणि मला म्हणाले, “पैसे देणार नाही म्हटलं की हा पोरगा बिचारा हेलपाटा मारून परत जातो. पण तुम्ही मला एवढंच सांगा, हे पुसायचं कुणाच्या हातात आहे? त्याला मी फोन करतो.” मला देण्यासारखा नंबर नव्हता. खेळातली नाणी विकत घेताना पैसे अडकले तर बोलायला कंपनीने चॅटवर माणूस ठेवलेला आहे. मुलाचा पत्ता उघडा पडला तर इंग्रजीतला एक फॉर्म आहे. ताईने पुढचे दहा दिवस भाच्याला क्लासला स्कूटरवरून नेले आणि आणले.

ही सेवा कुठे आंधळी आहे हे पाहावे म्हणून बॅन उठल्यावर मी एक साधा प्रयोग केला. दुसऱ्या कोणाचीही माहिती न वापरता, माझाच नंबर मी एका रिकाम्या क्लॅन-रूममध्ये चार तऱ्हांनी लिहिला आणि प्रत्येक वेळी तपासून लगेच स्वतः काढून टाकला. इंग्रजी अंकांत लिहिलेला नंबर पाठवण्याआधीच फुल्यांनी झाकला गेला आणि मला ताकीद मिळाली. देवनागरी अंकांत लिहिलेला जसाच्या तसा उमटला. रोमन लिपीत ‘नऊ, आठ’ असे मराठी शब्द लिहिले, तेही उमटले. कागदावर पेनने लिहून त्याचा फोटो टाकला, तोही राहिला. यातले तांत्रिक कारण गूढ नाही. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे आणि अंक साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरी अंकांना इंग्रजी अंकांपेक्षा वेगळी स्थाने आहेत, आणि अंक ओळखण्याची जी खूण प्रोग्रॅमर सर्रास वापरतात ती जावास्क्रिप्टसारख्या भाषांत फक्त इंग्रजी अंकच ओळखते. म्हणजे ‘९’ हा नंबर आपोआप झाकणाऱ्या त्या फिल्टरच्या लेखी अंकच नसतो. ही त्रुटी दुरुस्त करायला एखाद्या जाणत्या माणसाला अर्धा दिवस पुरेल.

त्याच फिल्टरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या खेळात प्रत्येक खेळाडूला दहा अंकी क्रमांक मिळतो आणि मित्राला तुकडीत घेण्यासाठी तोच द्यावा लागतो. तो क्रमांक चॅटमध्ये लिहिला की फिल्टर त्याला फोन नंबर समजून झाकतो. परिणामी मुलांनी अंकांच्या मध्ये ठिपके घालण्याची, शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ लिहिण्याची सवय लावून घेतली आहे, आणि फिल्टर चुकवण्याची ही विद्या आता सोलापूरच्या रूममधल्या प्रत्येक मुलाला अवगत आहे. ज्याची गरज नाही तिथे अडवल्यामुळे, जिथे अडवायचे तिथली वाट फिल्टरनेच सगळ्यांना शिकवून ठेवली आहे.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. सोलापूरच्या रूममध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी एकाच ओळीत येतात, कारण शहरच तसे आहे. पूर्व भागातला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी आणि खेळताना हिंदी. अक्कलकोटकडचा मुलगा बोलता-बोलता कन्नडमध्ये शिरतो. आणि हे सगळे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल त्या स्पेलिंगने लिहिले जाते. मदतीच्या रूममधल्या एका मॉडरेटरने नंतर माझ्याशी खासगीत बोलून प्रामाणिकपणे सांगितले की तिसऱ्या तक्रारीच्या वेळी त्याने तो संदेश यंत्राने हिंदीत भाषांतरित करून पाहिला होता. दुकानाचे नाव देवाच्या नावावरून ठेवलेले आहे, पुढच्या ओळीत देऊळ आहे आणि त्यानंतर पायऱ्या चढून वर जाण्याचा उल्लेख आहे. भाषांतरात ती ओळ एखाद्या देवदर्शनाच्या वर्णनासारखी दिसली. त्याने ती धार्मिक मजकूर समजून सोडून दिली. हे ऐकल्यावर त्या मुलावरचा माझा राग गेला. तो कॉलेजात शिकतो, हे काम विनामोबदला करतो आणि रात्री त्याच्या वाट्याला अनेक शहरांच्या रूम येतात. त्याच्या जागी मी असतो आणि मला तेलुगूतला पत्ता वाचायला दिला असता, तर माझ्याकडूनही हीच चूक झाली असती.

परंतु कंपनीला ही सबब वापरता येणार नाही. मराठीतल्या शिव्या हा फिल्टर व्यवस्थित ओळखतो, अगदी स्पेलिंग बदलले तरी ओळखतो, म्हणजे मराठीची यादी करण्याचे काम कोणीतरी बसून केलेले आहे. ज्या गोष्टीने रूम घाणेरडी दिसते तिच्यासाठी मराठी शिकली गेली आणि ज्या गोष्टीने एखाद्याच्या दारात माणूस उभा राहू शकतो तिच्यासाठी शिकली गेली नाही.

त्याच आठवड्यातली आणखी एक घटना इथे नोंदवतो, कारण तिच्याशिवाय चित्र अपुरे राहील. हिंदीत या खेळाचे थेट प्रक्षेपण करणारा एक नामवंत खेळाडू आहे. मोठ्या रूममध्ये कोणीतरी विचारले की त्याचे आडनाव अमुक आहे ना. हे आडनाव तो स्वतः आपल्या चॅनेलवर उघडपणे लावतो. तरीही तीन मिनिटांत तो प्रश्न उडवला गेला आणि विचारणाऱ्याची आयडी बॅन झाली. त्या नामवंताला संरक्षण मिळू नये असे माझे म्हणणे नाही. लोकप्रिय माणसालाही घरचा उंबरा असतो. माझे म्हणणे इतकेच आहे की जी माहिती त्याने स्वतःहून जगासमोर ठेवली आहे ती पुसायला तीन मिनिटे लागतात आणि चौदा वर्षांच्या मुलाचा परतीचा रस्ता पुसायला नऊ दिवस लागतात, तेव्हा मॉडरेटर माहितीचे स्वरूप पाहत नसून माणसाचे वजन पाहत आहेत.

नऊ दिवस हा आकडा मी मोजून लिहिला आहे. रविवारी मी कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे अशा सेवेने हा अधिकारी नेमणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे बंधनकारक आहे, आणि मी ईमेल केला तेव्हा ती १५ दिवसांत निकाली काढणेही बंधनकारक होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर काढण्याच्या विनंतीसाठी ही मुदत ७२ तासांवर आणलेली होती. पोच वेळेत आली. मजकूर माझ्या ईमेलनंतर सातव्या दिवशी आणि मूळ संदेश पडल्यापासून नवव्या दिवशी निघाला. निघाला म्हणजे काय, तर दुसऱ्या आयडीवरून आलेल्या संदेशाच्या जागी ‘हा संदेश काढण्यात आला आहे’ अशी ओळ आली. पण त्या संदेशाला तिघांनी उत्तरे दिली होती, आणि उत्तर देताना मूळ मजकूर वर चौकटीत उद्धृत होतो. त्या तीन चौकटींत दुकानाचे नाव आणि देऊळ तसेच राहिले. रूमच्या शोधपट्टीत दुकानाचे नाव घातले की ती तिन्ही उत्तरे समोर येतात. मी हे अधिकाऱ्याला कळवले तेव्हा उत्तर आले की तक्रार निकाली काढण्यात आलेली आहे.

या विषयाला इतिहास आहे आणि तो गेमिंगच्या जगाला ठाऊक असलाच पाहिजे. जुलै २०१० मध्ये ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की तिच्या अधिकृत चर्चामंचांवर लिहिणाऱ्याचे खरे नाव आणि आडनाव दिसेल, म्हणजे शिवीगाळ कमी होईल. यात धोका नाही हे दाखवण्यासाठी तिच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे खरे नाव लिहिले, आणि थोड्याच वेळात खेळाडूंनी त्याचा पत्ता, फोन आणि घरच्यांची माहिती शोधून मांडली. तीन दिवसांत कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात याहून भयंकर घडले. एका ऑनलाईन सामन्यातल्या किरकोळ पैजेवरून भांडण झाले, एकाने दुसऱ्याला आपला जुना पत्ता दिला, त्या पत्त्यावर खून झाल्याची खोटी खबर पोलिसांना दिली गेली, आणि तिथे राहणारा, या खेळाशी काडीचाही संबंध नसलेला माणूस दारात पोलिसांच्या गोळीने मेला. आमच्याकडे चार खोकी आली. या दोन गोष्टींची मी बरोबरी करत नाही. परंतु दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीने होते, रागाच्या भरात एखाद्याचा पत्ता तिसऱ्याच्या हाती जाण्याने.

काही पालकांनी मला सुचवले की सगळ्यांची ओळखपत्रे तपासूनच आत घ्यावे. मला हा उपाय पटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गेमिंगमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चॅट-सेवेने स्वतःच सांगितले की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटलेले असू शकतात. हे फोटो वयाच्या पडताळणीसाठी घेतलेले होते. जी सेवा एका दुकानाचे नाव सांभाळू शकत नाही तिच्या हाती मुलांची आधार कार्डे देऊन काय साधणार?

कायद्याची बाजू आपल्याकडे आता भक्कम होत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि बालकांच्या माहितीबाबतची कर्तव्ये मोडणाऱ्या कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोपर्यंत कंपनीने स्वतःचाच नियम सर्वांना सारखा लावावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. माहिती कोणाची आहे आणि ती टाकली कोणी, हे दोन प्रश्न मॉडरेटरने आधी विचारावेत. अल्पवयीन मुलाचा पत्ता असल्याची तक्रार आली की मजकूर आधी झाकावा आणि मग तपासावा. चुकून एखादा निरुपद्रवी संदेश दोन तास झाकला गेला तर कोणाचे नुकसान होत नाही. पुरावा फक्त मॉडरेटरलाच दिसेल अशा रीतीने देण्याची सोय असावी. फोनवरच्या यादीत खासगी माहितीचा पर्याय घालावा, कारण नववीतल्या मुलाकडे रात्री संगणक नसतो. आणि प्रत्येक शहराच्या रूमला त्या शहराची भाषा वाचणारा, पगार मिळणारा एक तरी माणूस असावा.

सोलापुरातल्या ज्या घरांत हा खेळ चालतो त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेले सांगतो. असा मजकूर दिसला तर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तो कोणत्याही खुल्या रूममध्ये टाकू नका, आणि तक्रार फोनवरून न करता संगणकावरून करा. उद्धृत उत्तरांची वेगवेगळी तक्रार करा. मूळ संदेशाबरोबर ती आपोआप जात नाहीत. त्याच दिवशी तक्रार निवारण अधिकाऱ्याला २०२१ च्या नियमांचा उल्लेख करून लिहा. त्याचे उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन अपील करता येते. आम्ही ते नोव्हेंबरअखेर केले आहे. धमकी असेल, माणसे दारात येत असतील, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. आम्ही नोंदवली, आणि त्या आठवड्यानंतर पार्सले आलेली नाहीत.

खेळाला मी पाचपैकी चार तारे देतो. चॅटच्या देखरेखीला दीड देतो. त्यातला एक पूर्ण तारा जानेवारीत त्या मुलाला समजावून सांगणाऱ्या मॉडरेटरचा आहे. भाचा पुन्हा खेळू लागला आहे, मात्र क्लॅनची रूम त्याने सोडली आणि आता तो आम्हा तिघांखेरीज कोणाशी बोलत नाही. अपिलाचा निकाल लागून त्या तीन चौकटी रूममधून निघाल्या की मी हे परीक्षण आणि तारे दोन्ही बदलेन.